सुतारांना वेळ नव्हता म्हणून मी ऊद केला

मंडळी, आज पार गळून गेलोय, तरी सांगतो.

अचलपूरच्या जुन्या फौजेतल्या म्हाताऱ्या अरब जमादारांचा ऊद, म्हणजे फुगीर पोटाचं त्यांचं तंतुवाद्य, उन्हाळ्यात फुटला. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला भाव आला आणि सगळे सुतार कापूस वाहायच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करण्यात गुंतले. शेवटी मीच, भाजी पिकवणारा माळी, हौसेनं शिवणीच्या झाडाचं लाकूड तासत बसलो. चार महिने गेले.

परवा तारा चढवल्या. सूर जुळत आला आणि तारा धरणारी घोडी उखडली. काल पुन्हा तेच. आज सकाळी तिसऱ्यांदा उखडली, तेव्हा मी म्हणालो, "जमादारसाहेब, आता मले होत नाही."

"तारा ढिल्या ठेव ना बाबू," ते म्हणाले. "माहा गळाही आता खालीच लागते."

सरस लावून घोडी पुन्हा बसवली. संध्याकाळी त्यांनी खालच्या सुरात वाजवायला घेतलं. मी भिंतीला टेकलो आणि ऐकता ऐकता झोपलो.

जाग आली तेव्हाही ते वाजवतच होते, पण अगदी हळू, माझी झोप मोडू नये म्हणून.

तुम्हीच सांगा, याहून चांगली दाद कोणती असते?