सेलूच्या क्लासातली कॅकोफनी

जिनिंगच्या कारखान्यातून घरी आलेल्या माणसाच्या अंगाला कापूस चिकटलेला असतो ना, तसे शिकवणाऱ्याला किस्से चिकटतात. झटकले तरी दोन-चार राहतातच! सेलूला मी संध्याकाळी मोठ्या माणसांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतो. तिथे एका शब्दाने मला पुरतं वेड लावलं.

फळ्यावर लिहिलं, 'कॅकोफनी'. म्हटलं, "कानाला टोचणारा, बेसूर गोंगाट."

अंगणवाडीच्या सुनीताताई खुदकन हसल्या. "सर, काकूचा फोनच म्हणा नं! माही काकू फोनवर बोलली का पवनारले ऐकू जाते!"

*

नवीन शब्द वापरा, असं मीच बजावलं होतं. ऑफिसात कारकून असलेल्या विलासच्या शेजारी लग्न होतं, दिवसभर डीजे. डोकं दुखायला लागलं, तर पठ्ठ्याने साहेबांना इंग्रजीत मेसेज केला, 'कालपासून कॅकोफनी झाली आहे, सुट्टी द्यावी.'

साहेबांचा ताबडतोब फोन! "दोन दिवस येऊच नको. अन् घरात मास्क लावजो!"

*

एकदा शिकवता शिकवता लाईट गेली. पंखा थांबला आणि बाहेरच्या पिंपळावर उतरलेल्या पोपटांचा कलकलाट एकदम खोलीत शिरला. उजेड पिवळा, मऊ होत चाललेला. मी खडू उचलला, "लिहा, हे कॅकोफनीचं उदाहरण."

कोणी पेनच उचलेना. सुनीताताई हनुवटीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या.

"मले तर झोप येऊन राह्यली, सर," त्या हळूच म्हणाल्या. "माहेरची झोप."

मीही बाकावर बसलो. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

*

आणि नामदेवराव! पिठाची चक्की चालवून चालवून त्यांचे कान गेलेले. क्लासात पहिल्या बाकावर बसून माझे ओठ वाचायचे. मुलाने वर्ध्याहून कानाचं मशीन आणून दिलं. आठवड्याने मी विचारलं, "काय काय ऐकलं?"

"सर, आमची बायको कमल सैपाक करताना गाणं म्हणते! इतक्या वर्षांत मले मालूमच नव्हतं. मले ऐकू येत नाई म्हणून मोकळ्यानं म्हणत होती."

"मग आता लाजत असतील!"

"नाई नं. तिले सांगतलं, मशीन काही चालत नाई."

"आवाज कसा आहे?"

"एकदम कॅकोफनी, सर!" डोळे पुसत ते उठले, वही पिशवीत टाकली. क्लास अर्धा राहिला होता.

"निघतो. तिची सैपाकाची वेळ झाली."