पाव इंच माया

शिवरामपेठेत नागोजीराव मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. मास्तर कापड कापायचे, मी मशीन चालवायचो आणि गोदावरीबाई दाराजवळच्या चटईवर बसून काज, बटणं, तुरपाई करायच्या. आम्ही त्यांना गोदाक्का म्हणायचो. मी कामाला लागलो तेव्हा त्या तिथं होत्याच. नवरा लवकर गेलेला. एक मुलगी, कमलाक्षी. ती जवळच्या हिनकल गावी दिलेली.

काज करणं सोपं नाही. टाके एकमेकांना लागून आणि एका उंचीचे यावे लागतात. दोरा ओढताना हात हलका-जड झाला की काज तोंड वासतं. आता काजं मशीन मारते. भराभर मारते आणि चार धुण्यांत दोरे सुटतात. गोदाक्कांचं काज फाटायच्या आधी शर्ट फाटायचा.

पण अख्खी वस्तू त्यांनी कधी शिवली नव्हती. मास्तरांनी कापलेलं, मी जोडलेलं, त्यांच्याकडे शेवटी जायचं.

टेरिकॉट नवीन होतं, त्या वर्षांतली गोष्ट. जयलक्ष्मीपुरमच्या अंबुजाबाई उशीचा एक अभ्रा घेऊन आल्या. बहिणीनं अमेरिकेहून पाठवलेला. एका बाजूची शिवण उसवली होती. मधोमध छोटा लाल चौकोन, भोवती पट्ट्या; दोन बाजूंना उजळ, दोन बाजूंना गडद.

"ही कसली तऱ्हा, बाई?" गोदाक्कांनी विचारलं.

"लॉग केबिन म्हणतात. तिकडं ओंडके रचून घर करतात, तसं. मधला लाल म्हणजे चूल."

"आधी चूल, मग भिंती," गोदाक्का म्हणाल्या. "बरोबर आहे."

अंबुजाबाई गेल्यावर त्यांनी अभ्रा मांडीवर घेतला आणि एकेक पट्टी मोजत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कमलाक्षीला सातवा लागलाय. बाळाचं दुपटं असं करते."

"द्या, मशीनवर मारून देतो," मी म्हणालो.

"मग ते तुझं होईल, गुंडू."

"मी पट्ट्या कापून देतो," मास्तर म्हणाले.

"मग तुमचं होईल."

"अय्यो! मग आम्ही दोघांनी सुम्ने, नुसतं बसायचं काय?"

"बसा की. इतकी वर्षं तुम्हां दोघांचं उरलेलं करतेय. एक तरी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी होऊ दे."

दुकानात मास्तरांची कात्री दुसऱ्यानं उचलायची नाही, असा नियम होता. गोदाक्कांकडे स्वतःची नव्हती. त्या कापडाची कड दातानं चिरायच्या आणि दोन्ही हातांनी फाडायच्या. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. पण शिंप्याच्या दुकानात तो आवाज बरा नाही. टर्र झालं की मास्तरांचा हात थांबायचा. "माझं कापड नाही ना, अक्का?"

चिंध्यांच्या पोत्यातून त्यांनी टेरिकॉट बाजूला काढलं. बाळाच्या अंगाला नको म्हणाल्या. शर्टांचं पॉपलीन उजळ बाजूला, शाळेच्या स्कर्टांचं निळं सुती गडद बाजूला. लाल काही मिळेना. शेवटी स्वतःच्या जुन्या चोळीची बाही उसवून आणली.

दुपारच्या सुट्टीत शिवायच्या, हातानं. एक पट्टी लावायची, चौकोन फिरवायचा, पुढची पट्टी आधीच्या पट्टीच्या टोकावरून न्यायची. देवळाभोवती फिरावं तसं, एकाच दिशेनं. टाका काजासारखाच बारीक. मी इतकं नेटकं हातकाम पुन्हा पाहिलं नाही.

पहिला चौकोन पुरा झाला आणि बसेना. चटईवर ठेवला की चारी कोपरे उचलायचा, द्रोणासारखा. दाबला तरी उठायचा. मास्तरांनी तो उलटा केला.

"माया किती सोडलीत?"

"इंचभर."

शिवणीच्या आत जादा कापड राखतात, त्याला शिंपी माया म्हणतात. माणूस सुटला की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. मास्तरांची शिकवणच होती, मायेत कंजुषी नको. गोदाक्कांनी निम्म्या गावाच्या पँटी सैल केल्या होत्या. म्हणून इथंही प्रत्येक पट्टीला दोन्हीकडे इंच-इंच माया. वर दिसायचं एक इंच, आत दडलेलं दोन.

"दुपट्याला पोट सुटतं होय, अक्का?"

मी हसलो. गोदाक्का हसल्या नाहीत.

"बाळ वाढतं की."

"बाळ वाढेल. दुपटं आहे तेवढंच राहणार. पाव इंच पुरे. माया फार झाली की हे असं होतं, नीट बसत नाही." मास्तरांनी चौकोन त्यांच्यापुढे ठेवला. "दसरा तोंडावर आलाय. द्या, मी मार्गी लावतो."

"नको."

त्या सुईच्या टोकानं उसवायला बसल्या. स्वतःचा बारीक टाका उसवणं शिवण्यापेक्षा कठीण. कापडाला भोक पडता कामा नये, दोरा ओढायचा नाही, उचलायचा. दसऱ्याचे कोट येत होते. त्यांची बटणं वेळेवर लागत होती. जेवण तेवढं राहायचं. आम्ही डबे उघडायचो तेव्हा त्या उसवत असायच्या.

उसवलेली पट्टी मधून फाडली. एकीच्या दोन झाल्या. मग पुन्हा लाल चौकोनापासून सुरुवात. या वेळी शिवण पाव इंचावर. प्रत्येक शिवण नखानं दाबून बाहेरच्या अंगाला पाडायची आणि मगच पुढची पट्टी. शेवटचा टाका घालून त्यांनी चौकोन चटईवर टाकला.

सपाट पडून राहिला.

मी मशीन थांबवलं होतं. मास्तर टेबलावरून वाकून बघत होते. गोदाक्कांनी चारी कोपऱ्यांवर तळहात फिरवला आणि पुढच्या चौकोनाचं लाल कापड हातात घेतलं.

कमलाक्षीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी दुपटं तयार होतं. नऊ चौकोन, आत जुन्या नऊवारीचे थर, वरून धावदोरा. गोदाक्का हिनकलला निघण्याआधी दाखवायला आल्या. मास्तरांनी आधी उलटी बाजू पाहिली, मग सुलटी. नंतर डब्यातून दुकानाचं कापडी लेबल काढलं. ते फक्त कोटांना लागायचं, तेही चांगल्या जमलेल्या. गणवेशाला मास्तर लेबल देत नसत.

"कोपऱ्यात लावा, अक्का. लोकांना कळू दे, कुठलं काम आहे."

याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. गोदाक्कांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी लेबल बोटांवर उलटसुलट केलं.

"नको, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "हे दुकानाचं नव्हे."

मास्तरांनी लेबल परत डब्यात टाकलं. दुपटं कापायच्या टेबलावर पसरलं, कडेला कड जुळवून घडी घातली, मध्ये कागद घातला. मोठ्या गिऱ्हाइकाचा कोट ते असाच बांधायचे.

"घ्या," म्हणाले. "बस चुकेल."