कुंकवाखालची हवा

दिगंबर लघाटे कोणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी दार लावून घेई, हाताची मागची बाजू जिभेने ओली करी आणि दाराच्या फटीवरून वरून खाली फिरवी. "इथून येतेय," म्हणे, आणि मगच चहा घेई. झाशीत खंडेराव गेटजवळच्या आमच्या गल्लीत लोक हसायचे. लघाट्यांचं घराणं पिढीजात पुजाऱ्यांचं, आणि त्यात हा असा. माझी बायको एकदा म्हणाली, "भैयाजी, चोर तर येत नाही ना, हवाच येते. येऊ द्या की." तर म्हणतो, "वहिनी, चोराला कुलूप कळतं. हवा कुणाची नोकर नाही."

वयाने मी मोठा, गल्लीत त्याला अरे-तुरे करायचो. पण आम्ही दोघं झाशीहून लांब एका अणुवीजघराच्या बांधकामावर लागलो, तिथे तो इंजिनिअर आणि मी मिस्त्री. तिथे साहेब म्हणायचं. अणुभट्टीभोवती जाड भिंतींची घुमटाची इमारत असते. आत काही बिघडलं तर विषारी हवा बाहेर गावात जाऊ नये, म्हणून ती. त्या भिंतीतून नळ आणि तारा जिथे बाहेर येतात, तिथली भोकं बुजवायचं काम माझ्या टोळीकडे होतं. शाळेत मी फार टिकलो नाही, पण माझ्या सांध्याला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय.

भट्टी सुरू करण्याआधी त्या इमारतीची परीक्षा असते. सगळं बंद करून आत पंपाने हवा ठासून भरायची आणि ती टिकते का पाहायचं. टिकली की लघाटेची सही, मग पुढचं काम. परीक्षेच्या दिवशी मोठ्या साहेबांनी माणसं आत-बाहेर करतात त्या लोखंडी दाराची पूजा केली. नारळ फोडला, दाराच्या सांध्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मुठीला कलावा, म्हणजे पूजेचा लाल दोरा, बांधला. दार बंद झालं, हवा भरली. दाबाची सुई ठरल्या जागी आली आणि थांबली ती थांबलीच. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

माणसं एकमेकांच्या पाठी थोपटू लागली. मिठाई आली. मोठे साहेब म्हणाले, "लघाटे जी, सुई हिली तक नहीं. साइन कीजिए."

लघाटे आतल्या तापमापकांचे आकडे बघत होता. मिठाईला हात लावला नाही. म्हणाला, "हिलनी चाहिए थी, सर."

मग तो माझ्याकडे वळला.

"जेठात सायकल उन्हात ठेवली तर ट्यूब टणक होते ना, मिस्त्रीजी?" मला मराठीत विचारलं.

"फुटतेसुद्धा."

"दोन दिवस घुमटावर ऊन आहे. आतली हवा तापलीय. सुई वर चढायला हवी होती. चढली नाही, म्हणजे जेवढी फुगली तेवढी कुठून तरी गेली." तेच त्याने हिंदीत सांगितलं.

मोठे साहेब हसले, पण डोळ्यांनी नाही. "थर्मामीटर गलत होंगे. शाम को हवा छोड़ देंगे. तब तक आप साइन नहीं करेंगे तो कोई और करेगा. और आप अपना बिस्तर बाँधिए."

हवा सोडली की गळती सापडणार कशी? संध्याकाळपर्यंतच काय ते. मला तर आधी त्याचाच राग आला. "माझा सांधा गळत नाही," मी म्हटलं.

"मग दाखवा."

आम्ही प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी फासलं. गळत असेल तिथे बुडबुडा येतो. मऊरानीपुरचा हल्केराम माझ्या हाताखाली होता, तो शिडीवरून ओरडे, "दद्दा, इतै कछू नईं!" तिथेही नाही, इथेही नाही. ऊन कलायला लागलं. पंपवाले झडपेपाशी जाऊन उभे राहिले. माझी छाती फुगत होती आणि त्याचा चेहरा उतरत होता.

"सगळं झालं?" त्याने विचारलं.

"सगळं."

"दार?"

"दारही. कुंकू आहे तेवढं सोडून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आता स्वस्तिकावर साबण कोण फासणार? हल्केराम नाही, मी नाही. कोणीच फासला नसता.

तो दारापाशी गेला. मागून मोठे साहेब आले. "हाथ मत लगाइए, लघाटे जी. पूजा की जगह है."

"सर, पुजारी का बेटा हूँ. पाप मुझे लगेगा."

मी पुढे झालो. "दिगंबर, अरे नोकरी जाईल." साहेब म्हणायचं राहून गेलं.

त्याने खिशातून रुमाल काढून कुंकू पुसलं. माझ्या हातातला ब्रश घेतला, पाणी फासलं. आधी काहीच दिसलं नाही. मग खालच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला, त्याच्यामागे दुसरा, आणि फेसाची रांगच फुगायला लागली. वाकून पाहिलं तर मुठीच्या कलाव्याचं एक टोक दार लावताना दाराच्या कडेच्या रबराखाली दबलं होतं. त्या धाग्याच्या कडेने हवा सुसाट बाहेर येत होती.

मोठे साहेब वळले आणि निघून गेले.

हवा सोडून, दार उघडून, धागा काढून पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. ती पास झाली. पण सही लघाटेची नव्हती. त्याला आधीच दुसरीकडे, कागदं हलवायच्या कामावर पाठवलं होतं. कारण काय, तर वरिष्ठांचा अवमान.

पुढे तो झाशीला परतला. इलाइट चौराह्यावर भेटला तेव्हा मी भररस्त्यात त्याला झापलं. "भांडला का नाहीस? वर अर्ज करायचा. मी साक्ष दिली असती, हल्केरामने दिली असती."

"कशासाठी, मिस्त्रीजी? गळती बंद झाली ना?"

"आणि तुझी सही?"

"सहीने हवा अडत नाही," म्हणाला, आणि घरच्यांची विचारपूस करायला लागला.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या तेराव्याला लोक म्हणाले, लघाटे फार शांत माणूस. मी तिथेच म्हटलं, शांत कसला, हट्टी होता. त्याने भांडायला हवं होतं. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं आणि आजही तेच सांगतो. एवढ्या एका गोष्टीत त्याचं मला पटलं नाही, आणि पटणारही नाही.