ढिला पडणारा ड्रमर

चष्म्याच्या दुकानात ती लोकांची नजर तपासायची, आणि पाव नंबरचा फरकही तिला खपायचा नाही. घरीसुद्धा तोच खाक्या. कॅलेंडर जरा तिरकं दिसलं की हातातला घास ठेवून उठायची. मामांनी तिचं नाव फूटपट्टी ठेवलं ते उगाच नाही.

मामा म्हणजे जॅझ बँडमधले. चाळीस वर्षं डबल बास, ते माणसाएवढं उंच तंतुवाद्य, छातीशी धरून वाजवलं. गेल्या वर्षी त्यांचा ड्रमर मित्र गेला, त्या दिवशी त्यांनी बासवर चादर टाकली, ती टाकलीच. बोलणंही 'हं' आणि 'नको' एवढ्यावर आलं. मामांनी पुन्हा वाजवलं नाही तर ते असेच मिटत जातील, या विचाराने भाचीचा जीव तुटायचा.

शेवटी तिने लॅपटॉपवर ड्रमचं सॉफ्टवेअर घेतलं. आधी सगळे ठोके एका रेषेत, एकाच जोराचे बसवले. ऐकून तिनेच कपाळाला हात लावला. कुणीतरी भिंतीत खिळे ठोकत होतं! मग बँडची जुनी कॅसेट लावून ती कान देऊन बसली. झांजेवरच्या जोडीतला पहिला ठोका लांबवायचा, दुसरा उशिरा आणि हलका टाकायचा, तेव्हा कुठे जॅझचा झुलता ताल, स्विंग, डोलायला लागतो. मध्येच काठी ड्रमला नुसती टेकल्यासारखी. तीन आठवडे सुट्टीच्या सगळ्या दुपारी यात गेल्या. वेग मात्र तिने तसूभर हलू दिला नाही. फूटपट्टीच ती.

रविवारी तिने ते ड्रम लावले, तशी मामांनी कुरकुरत चादर काढून बास हाती घेतलं. दोन मिनिटांत मान डोलायला लागली. मग त्यांचा सोलो, बासने एकट्याने पुढे यायची जागा, आला आणि सगळं विस्कटलं.

"पळतंय तुझं मशीन!"

"मामा, मशीन कसं पळेल?"

"ते पळतं, आमचा ड्रमर ढिला पडायचा. नेमका माझ्याच सोलोत! किती झापलंय मी त्याला." चादर पुन्हा बासवर गेली.

तिला चैन पडेना. तिने कॅसेट संगणकात घेऊन ठोका न् ठोका मोजला. ड्रमर एरवी घड्याळासारखा पक्का होता. सोलोत आधी बास मागे पडायचं, मग दोन-चार ठोक्यांनी ड्रम त्याच्याबरोबर मागे यायचे. सोलो संपला की वेग हळूच जागेवर. एका गाण्यात नाही, सगळ्या गाण्यांत तसंच. मग तिने आपल्या ड्रमचा वेगही तिथे तेवढाच उतरवला.

पुढच्या रविवारी मामांनी डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत वाजवलं.

"आज कसं जमलं गं? काय केलंस?"

'काही नाही' म्हणणं सोपं होतं. पण खोटं तिला कधी जमलंच नव्हतं.

"मामा, सोलोत मागे तुम्ही पडायचात. तुमचे मित्र तुमच्यासाठी वेग कमी करायचे. कॅसेटवर स्पष्ट दिसतंय."

मामा बासच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

"चाळीस वर्षं सगळ्यांदेखत बोललो त्याला," ते म्हणाले. "एकदाही उलटून बोलला नाही गं."

तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"राहू दे. पुन्हा लाव," मामांनी डोळे पुसले. "आणि ते मशीन या बाजूला ठेव, डावीकडे. तो डावीकडे बसायचा."