तिच्या नावाची रजा

आमच्याकडे बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही घ्यायचं नसतं. इथे इंग्लंडात, मेडनहेडच्या ऑफिसातल्या मैत्रिणी पाचव्या महिन्यातच प्रॅम, कॉट, भिंतींचे रंग ठरवून मोकळ्या व्हायच्या. मी फोनवर आईला विचारलं, तर ती म्हणाली, "एक झबलंसुद्धा घरात आणू नकोस. मी आले की बघू."

पण मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. काही घेता येणार नव्हतं, तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेच्या मागे लागले. पगारी रजा मिळायला नोकरीत पुरेसे दिवस झालेले असावे लागत आणि माझी नोकरी तर नवीनच. मी कॅलेंडर घेऊन पुन्हा पुन्हा हिशेब करायची.

"पत्रिका जुळवतेयस का?" नवरा हसायचा. "मंगळ निघाला तर सांग."

जेमतेम का होईना, जुळलं. एचआरमधल्या बाईंनी सांगितलं, सहा महिने पगारी. त्या दिवशी मी घरी शिरा केला.

सातव्या महिन्यात हालचाल थांबली. मुलगी होती. नर्सनं तिला हॉस्पिटलच्याच पांढऱ्या शालीत गुंडाळून माझ्याजवळ दिलं, आणि मग ती शालही तिच्याबरोबर गेली.

घरी आलो तर आवरायला काही नव्हतं. एक मोजासुद्धा नाही. मी एचआरला फोन केला. "पुढच्या सोमवारपासून येते मी."

"नाही येता येणार," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पहिले दोन आठवडे कायद्यानंच सक्तीचे आहेत. आणि पुढची रजाही तुझीच आहे, पगारासकट."

"पण बाळ नाहीये."

"गरोदरपणाचे चोवीस आठवडे होऊन गेले होते. त्यानंतर रजा जात नाही. तू पात्र आहेस."

मी फोन ठेवला.

तिकिटाची तारीख अलीकडे घेऊन आई भारतातून आली. बॅगेत डिंक, खारीक, अळीव. तिनं माझ्या डोक्याला स्कार्फ बांधला, दूध दाटलं होतं म्हणून छाती घट्ट बांधली, आणि लाडू वळायला घेतले.

"कुणासाठी करतेस हे?" मी ओरडले. "दोन आठवडे झाले की मी कामावर जाणार आहे. घरी बसून काय करू?"

"ओली बाळंतीण आहेस तू. थंड पाण्यात हात घालू नकोस आणि माझ्याशी वाद घालू नकोस."

"आई, ती रजा बाळासाठी असते!"

तिचे हात थांबले. "मग तिचीच आहे ना ती? दुसरं काय घेतलं होतं गं आपण तिच्यासाठी? मीच घेऊ दिलं नाही. तेवढी एक वस्तू आहे तिची, ती कशाला परत करतेस?"

आईला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

नवऱ्यालाही त्याची दोन आठवड्यांची रजा मिळाली. ती संपली आणि तो कामावर गेला. व्हिसा संपत आला तशी आईही गेली. मी मात्र पूर्ण रजा घेतली. रोज दुपारी नदीपर्यंत चालत जायचे, बाकावर बसायचे, परत यायचे. सहा महिन्यांत तिच्यासाठी मी एवढंच केलं.

कामावर रुजू झाले त्या सकाळी शेजारच्या टेबलावर एक नवीन मुलगी होती. मी मॅटर्निटी लीव्हवरून येणार, इतकंच तिला कुणीतरी सांगितलेलं. तिनं उत्साहानं खुर्ची वळवली. "बाळाला कुणाकडे ठेवलंस?"

"मुलगी झाली होती. राहिली नाही," मी म्हटलं. "तिची रजा तेवढी घेतली."