चिठ्ठीविना चेहरे

शबानाचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेली जुनी पाठ्यपुस्तके उलटत होते. "बाई, अब्बा गेले..." एवढेच ती आधी बोलली. मग म्हणाली, "त्यायच्या डिस्कवर कपडा टाकून ठेवला आहे. कोणाले हात लावू देत नाई." वडील गेल्याच्या दिवशी मुलीला एका यंत्राची राखण करावीशी वाटली, याचे नवल अहेरीत फक्त मला वाटले नाही. आज महिना होत आला. शोक थोडा निवला आहे. राग मात्र निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

शबानाच्या अब्बांचा, म्हणजे हमीदभाऊंचा स्टुडिओ आमच्या शाळेजवळ होता. ओळखपत्रांचे आणि लग्नांचे फोटो काढून जो वेळ उरे, त्यात ते मोटारसायकलने एटापल्लीच्या पुढच्या गावांत जात आणि म्हाताऱ्या माणसांचे चेहरे टिपत. रोलचा जमाना संपत आल्यावर त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला, संगणक घेतला, फोटो साठवायला सुटी डिस्क घेतली, आणि एके दिवशी शंका विचारायला माझ्याकडे आले, कारण फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची माहिती इंग्रजीत होती. आम्ही दोघांनी ती ओळीओळीने वाचली.

वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, कच्ची फाइल सॉफ्टवेअर बदलत नाही. आपण उजेड वाढवला, सावली उचलली, माणसाचे नाव-गाव लिहिले, की हा सारा मजकूर शेजारी एका लहानशा फाइलीत साठतो. तिचे नाव फोटोच्या नावासारखेच असते. ते जुळते तोवरच दोघींची ओळख राहते. फोटोचे नाव बदलले आणि तिचे राहिले, तर ती अनाथ होते. ती पुसली, तर फोटो पुन्हा काळोखा आणि मुका होतो. हमीदभाऊ तिला 'चिठ्ठी' म्हणत. "बाई, हे तर तुमच्या हजेरीपटासारखं आहे," ते म्हणाले. "नंबर बदलला का पोरगं हरवलं." संगणकाच्या कडेला त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली: जोडीनं उचलाची.

चिठ्ठ्या भरायला त्यांना तीन पावसाळे लागले. मासे पुंगाटी नावाच्या एका वृद्धेचा फोटो मला आठवतो. सुपात धान्य पाखडताना तिचा चेहरा सावलीत गेलेला; हमीदभाऊंनी ती सावली इतक्या जपून उचलली की कपाळावरचे गोंदण एकेक ठिपका मोजावा असे दिसू लागले. मी वाखाणले, तर म्हणाले, "फोटो तर कॅमेरा काढते, बाई. नाव मले विचारा लागते."

पुढे चंद्रपूरच्या एका संस्थेने प्रदर्शनासाठी फोटो मागितले. हमीदभाऊंची इच्छा होती की स्वतः तिथे बसून प्रती काढून द्याव्यात. "डिस्क कशाले सोडाची?" ते म्हणत होते. मी म्हटले, "अहो, शिकलेली माणसे आहेत. नीट सांभाळतील." हे वाक्य माझे आहे. ते कोणावरही ढकलण्याची सोय मला नाही.

डिस्क संस्थेत ठेवली गेली. तिथल्या संगणकचालकाने त्या मूळ डिस्कवरच सगळ्या फोटोंना 'प्रदर्शन' हे नाव आणि पुढे ओळीने आकडे दिले. चिठ्ठ्या उघडून पाहिल्या, तर आत अक्षरांची गिचमिड. "त्या चिल्लर फाइली कचरा समजून उडवल्या, सर," असे तो नंतर संस्थेच्या साहेबांना अगदी सरळपणे सांगत होता. मग मोकळ्या जागेत संस्थेच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती भरल्या, त्यामुळे पुसलेले परत येण्याची आशाही संपली. हमीदभाऊंच्या घरी फोटोंच्या प्रती काढलेल्या सीड्या होत्या. पण त्या चिठ्ठ्या भरण्याआधी काढलेल्या. मजकूर बदलला की प्रतही नव्याने काढावी, हा साधा नियम आम्ही दोघांनीही पाळला नव्हता.

हे सारे आम्हाला प्रदर्शनाच्या दालनात कळले. मासेचा चेहरा पुन्हा सावलीत बुडालेला आणि खाली पाटी: 'आदिवासी वृद्धा'. शेजारी 'आदिवासी वृद्ध'. त्याच्या शेजारी पुन्हा 'वृद्धा'. हमीदभाऊ थेट साहेबांकडे गेले.

"साहेब, या बाईचं नाव काऊन नाई?"

"अहो हमीदभाई, फोटो स्वतःच बोलतो! नावाचं काय एवढं?"

"मंग तुमच्या केबिनच्या दारावर पाटी काऊन लावली? दार बोलत नाई का?"

साहेब हसले. चहा मागवला. मी त्या हसण्याला क्षमा करू शकलेले नाही... ज्यांची नावे आपल्याला उच्चारायला जड जातात, त्यांना नावाची गरजच नसते, असे मानणारा तो सुशिक्षित हलगर्जीपणा होता. त्या चालकाला कोणी शिकवले नव्हते. साहेबांना शिकायचे नव्हते.

चहा न घेता, डिस्क घेऊन आम्ही परतलो. मासेचे नाव हमीदभाऊंना पाठ होते. पण सगळ्यांचे कुणाला असणार? पुढची दोन वर्षे ते छापील फोटो घेऊन त्याच गावांत पुन्हा गेले. एका म्हाताऱ्याने माडिया बोलीत विचारले, "तू माझ्या अंगणात जेवलास. विसरलास?" मला हे सांगून ते म्हणाले, "मी नाई विसरलो, मशीननं पुसलं, हे त्याले कसं समजावू, बाई?" तो म्हातारा मात्र हसला, म्हणे, आणि नाव पुन्हा सांगितले. काही घरांत सांगणारेच उरले नव्हते. निम्म्या चिठ्ठ्या भरून झाल्या आणि हमीदभाऊंचे हृदय थांबले.

परवा संस्थेचे दुखवट्याचे पत्र आले. त्यात 'अहेरीचे एक स्थानिक छायाचित्रकार' असा उल्लेख आहे, नाव नाही. सोबत विनंती की स्मरणिकेसाठी त्यांचा फोटो पाठवावा. शबानाने पत्र वाचून माझ्या हातात दिले.

काल आम्ही दोघी स्टुडिओत बसलो. तिने डिस्कवरचा कपडा काढला. संगणकाच्या कडेची कागदाची पट्टी जागच्या जागी होती, कोपरा थोडा सुटलेला. हमीदभाऊंच्या कॅमेऱ्याने मीच कधीतरी काढलेला त्यांचा एक फोटो सापडला. त्याला चिठ्ठी नव्हती. शबानाने सावली उचलली, नाव लिहिले: हमीद शेख. गाव: अहेरी. मग मी तिला नव्याने सीडी काढायला लावली आणि दोन्ही फाइली उतरल्या का, ते तपासले. ही सीडी टपालाने जाणार नाही. सोमवारच्या बसने मी चंद्रपूरला निघाले आहे. फोटोखाली नाव लिहून होईपर्यंत त्या चालकाच्या शेजारी बसणार आहे. आणि पिशवीत मासे पुंगाटीही आहे, चिठ्ठीच्या जोडीने.