माझा डावखुरा हिरो

माझं लग्न एका डाव्या हातामुळे झालं. तो हात माझ्या नवऱ्याचा नव्हता. एका सिनेमातल्या हिरोचा होता, आणि त्या हिरोला मी जन्मात एकदाच, तेही डास मारत मारत बघितलं होतं.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते. (अक्कल साधारण सहा वर्षांची.) माझं माहेर धामापूरच्या बाजूला. भातकापणी होऊन मळे रिकामे झाले की आमच्याकडे तंबूवाले सिनेमा घेऊन यायचे. त्या वर्षीचा सिनेमा बघून मी घरी आले ती जमिनीला पाय न लावता. हिरो डावखुरा होता! डाव्या हाताने पत्र लिहायचा, डाव्या हाताने नायिकेच्या केसांत अबोलीची वेणी माळायचा, आणि शेवटाकडे त्याने डाव्याच हाताने सावकाराच्या कानाखाली अशी काही काढली, की माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने, शालूने, स्वतःचाच गाल धरला. (सिनेमाचं नाव विचारू नका. सांगितलं तर तुम्ही शोधून बघाल, आणि माझी उरलीसुरली अब्रू जाईल.)

दुसऱ्या दिवशी मी घरात जाहीर केलं, लग्न करीन तर डावखुऱ्याशीच. वडील ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“लोकांच्या पोरींका उजवे घोव गावनत नाय, आणि हिका डावरो व्हयो,” ते आईला म्हणाले. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

तसं त्यांचंही खोटं नव्हतं. त्या काळी डावखुरा म्हणजे व्यंग असलेला माणूस. तो देवाला नैवेद्य कुठल्या हाताने दाखवणार, पाहुण्याला पान कुठल्या हाताने देणार, असले प्रश्न. पण मी जेवण सोडलं. (आईच्या देखत. मागच्या दारी शालू घावणे आणून द्यायची.) शेवटी वडिलांनी मध्यस्थाला निरोप दिला, आणि तळेऱ्यापासून देवगडापर्यंत बातमी गेली, की धामापुराकडे एक पोरगी आहे, दिसायला बरी आहे, डोक्याने थोडी कमी आहे.

स्थळं यायला लागली. देवगडच्या एका आंबेवाल्याच्या मुलाने तर कमाल केली. तो होता सरळ उजवा, पण घरून शिकवून आणलेला. चहाची बशी त्याने डाव्या हाताने उचलली आणि तोंडाकडे नेली. ती तोंडापर्यंत पोचलीच नाही. सगळा चहा वडिलांच्या कोऱ्या धोतरावर, आणि धोतर पुसायला याने झटकन पुढे केला तो उजवा हात!

मग हे आले. मालवणजवळच्या वाडीतले, खरेखुरे, जन्मजात डावखुरे. शाळेत मास्तरांनी छड्या मारमारून तो हात सुधारायला घेतला होता. हात सुधारला नाही, मास्तरांची बदली झाली. पंगतीत शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागतं म्हणून यांना कायम शेवटच्या पानावर बसवायचे. आमच्याकडे आले तेव्हा यांनी पोह्यांची बशी उजव्या हातात धरली, चमचा डाव्या हातात घेतला, आणि एक दाणा न सांडता पोहे संपवले. मी दाराआडून बघत होते. माझं लग्न तिथेच लागलं. भटजी नंतर आले.

सासरी आल्यावर ही गोष्ट मी वाडीभर सांगितली. नुसती सांगितली नाही, रंगवली. त्याने यांचा भाव असा वधारला म्हणता! ज्या माणसाला पंगतीच्या टोकाला बसवायचे, त्याला लोक हाताला धरून मध्यावर बसवायला लागले. लग्न असो, बारसं असो, मी गोष्ट सांगायची आणि शेवटी यांनी उठून सावकाराची थप्पड करून दाखवायची, हे ठरूनच गेलं. पंचाहत्तरी उलटली तरी ती थप्पड मारताना यांचा डावा खांदा असा काही वर जातो, की समोरचा माणूस आपोआप मागे सरतो.

यंदा आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्यासाठी नात, सई, मुंबईहून आली. ती सिनेमाचं शिक्षण घेते, त्यामुळे तिला कुठलाच सिनेमा आवडत नाही. “आजी, जुने सिनेमे आठवणीतच बरे असतात. पुन्हा बघायला गेलं की टिकत नाहीत,” ती म्हणाली. मी म्हटलं, माझा टिकेल. तिने मला गाणं गुणगुणायला लावलं, मी गुणगुणले, थप्पड वर्णन करून सांगितली, आणि त्या पोरीने फोनवर तो सिनेमा शोधून काढला! लग्नाच्या वाढदिवशी, दिवेलागणीला, घरापुढच्या खळ्यात सगळ्या वाडीला तो दाखवायचा असं ठरलं.

मग काय विचारता. मी खळं सारवून घेतलं. दोन माडांच्या मध्ये पांढरी चादर ताणून बांधली. सईने समोर प्रोजेक्टर मांडला. दोन फणस फोडले. नवी साडी नेसले, यांना परीटघडीचा सदरा घातला आणि दोघांच्या खुर्च्या अगदी पुढे मांडल्या. यांचे लहानपणापासूनचे मित्र बाबल भावजी सगळ्यांच्या आधी येऊन बसले आणि उगाचच गालात हसत राहिले. हे मात्र गप्प होते. मी समजले, एवढ्या लोकांसमोर हिरोशी तुलना होणार म्हणून लाजतायत.

सिनेमा सुरू झाला आणि पहिला धक्का बसला. हिरो माझ्या आठवणीपेक्षा बराच रुंद होता. धावताना तो पुढे जायचा आणि केसांचा टोप थोड्या वेळाने यायचा. वादळात सापडलेली होडी तर सरळसरळ हौदात होती. मागे एक माणूस फळी हलवून लाटा करताना दिसत होता. सई दर थोड्या वेळाने एक गरा तोंडात टाकून माझ्याकडे बघायची.

मी म्हटलं, असू दे. टोप हलू दे, होडी बुडू दे. हात तर आहे!

तेवढ्यात हिरो पत्र लिहायला बसला. उजव्या हाताने.

मी मनात म्हटलं, मोठं पत्र असेल, हात बदलला असेल. मग त्याने नायिकेच्या केसांत वेणी माळली. उजव्या हाताने. मी म्हटलं, ती बसलीच अशी आडवी आहे, तो बिचारा काय करणार! मग तो जेवला उजव्या हाताने, दार लोटलं उजव्या हाताने, डोळे पुसले तेही उजव्याच हाताने. आणि अजून थप्पड यायची होती!

माझं एक असू दे हो, मी आयुष्यभर हसं करून घेत आलेय. पण शेजारच्या खुर्चीत परीटघडीच्या सदऱ्यात बसलेल्या या माणसाचं काय? ज्या हिरोच्या जोरावर हे टोकावरून पंगतीच्या मध्यावर आले, तो यांच्या बाजूचाच नाही, हे यांना वाढदिवशी, सगळ्या वाडीसमोर कळणार! काहीही करून यांना ती थप्पड दिसता कामा नये.

मी हळूच म्हटलं, जरा पाणी आणता का आतून. यांनी खुर्चीखालून तांब्या काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, तुमच्या चष्म्याची काच मळलीय, आणि नाकावरून चष्मा काढून पदराने पुसत बसले. परत दिलाच नाही. यांनी खिशातून दुसरा चष्मा काढून लावला. (मी काढला तो वाचायचा होता.) मी म्हटलं, तुमच्या पाठीवर मुंगळा आहे. हे म्हणाले, असू दे. तिकडे सावकार मिशीला पीळ देत हिरोसमोर येऊन उभासुद्धा राहिला!

आता माझ्याकडे एकच उपाय उरला. मी उठले आणि प्रोजेक्टरच्या समोर जाऊन उभी राहिले, पदर पसरून.

चादरीवर माझी ही एवढी मोठी सावली पडली. सावकार तिच्याआड गेला, नायिका गेली, होडी गेली. हिरोचा हात तेवढा बाजूने वर आला, उजवा, आणि ती थप्पड सणसणत माझ्याच सावलीच्या गालावर बसली.

खळं नुसतं फुटलं हसून. बाबल भावजींच्या घशात गरा अडकला.

“आजी, उजव्या हाताने मारली त्याने,” सई म्हणाली.

मी तिथूनच भांडायला लागले. म्हटलं, हा सिनेमाच बदललाय. हल्ली जुन्या सिनेमांना रंग चढवतात, तसे हातही बदलत असतील. म्हटलं, तुझ्या यंत्राची वायर उलटी लागलीय. सईने शांतपणे सिनेमा थांबवला.

“आजी, तेव्हा तू बसली कुठे होतीस?”

“कुठे म्हणजे? बायकांत.”

“आणि बायका कुठे बसायच्या?”

“कुठे बसणार? पडद्याच्या मागे.”

आमच्याकडे तेव्हा तशीच रीत होती. पडद्याच्या पुढे पुरुष, मागे बायका आणि पोरं. पातळ कापडातून चित्र मागेही चांगलं दिसायचं, आणि तिकीट अर्धं. नावांची अक्षरं तेवढी उलटी यायची, पण आम्ही काही वाचायला गेलो नव्हतो!

सई चादरीमागे गेली. पलीकडून तिचा आवाज आला, “आजी, इकडून डावखुरा आहे.”

मी मटकन खुर्चीत बसले. आरशात दिसतं तसं पडद्यामागून सगळं उलटं दिसतं, हे समजायला मला पन्नास वर्षं आणि एक नात लागली. वडिलांचं धोतर गेलं, देवगडचं स्थळ गेलं, आणि सगळं एका उलट्या चित्रापायी! यांच्याकडे बघायची हिंमत होईना. शेवटी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. हे गऱ्यातली आठळी काढत बसले होते. डाव्या हाताने.

“माका म्हायत होता,” हे म्हणाले.

“काय म्हायत होता?”

“तो उजवो आसा ता. लग्नाआदीच म्हायत होता.”

“आणि तुमी माका सांगूक नाय?”

“सांगान मी माजाच लगीन मोडू?”

त्यावर बाबल भावजींनी घसा मोकळा केला आणि सगळं सांगून टाकलं. आमची सोयरीक ठरत होती तेव्हा तोच तंबू यांच्या गावाजवळ आला होता. ज्याच्यामुळे आपल्याला मुलगी मिळतेय तो हिरो आहे तरी कसा, ते बघायला हे बाबल भावजींना घेऊन सायकलवरून गेले आणि पुरुषांत, म्हणजे पडद्याच्या पुढे बसले. परत आले ते रडवेले होऊन, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला त्याचं कारण कळलं. तेव्हा सासूबाई स्वतः घरोघर फिरल्या आणि सांगून आल्या, की जो कोणी नव्या सुनेजवळ तोंड उघडेल, त्याला लग्नाच्या जेवणाचं आमंत्रण नाही. वाडीने जेवण निवडलं.

म्हणजे मी ही गोष्ट सांगायला लागले की सासूबाई तोंडाला पदर लावून माजघरात जायच्या, त्या लाजून नव्हे तर!

“मग एवढी वर्षां ती थप्पड कित्याक मारून दाखवलास?” मी विचारलं.

यांनी आठळी खाली ठेवली आणि म्हणाले, “तू बघत होतंस म्हणान.”

आणि उठले, स्वतःची खुर्ची उचलली, माझीही उचलली, आणि दोन्ही चादरीच्या मागे नेऊन मांडल्या. उरलेला सिनेमा आम्ही तिकडून बघितला. सईचं मत विचाराल तर सिनेमा काही टिकला नाही.

मला मात्र राहून राहून एकच आठवत होतं. मी गोष्ट सांगायला लागले की वाडीतले झाडून सगळे कामं टाकून येऊन बसायचे, आणि मला वाटायचं, काय हा त्या हिरोचा महिमा! हिरोबिरो काही नव्हतं हो. पन्नास वर्षं वाडीत सिनेमा चालू होता तो माझा, आणि अख्खी वाडी पुढच्या बाजूला आरामात बसून बघत होती. फुकटात!